थारचे फ्लेअर नेमके किती कापायचे? २८५ च्या टायरचं एक प्रकरण

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची तीन दारी थार. एमएच १५ पासिंग, डिझेल, फोर बाय फोर. कंपनीचे टायर २४५/७५ आर १६, स्टीलच्या डिस्कवर, म्हणजे साध्या लोखंडी चाकावर. मालकांनी ते उतरवून २८५/७५ आर १६ चे मड टेरेन, म्हणजे चिखलात चालणारे टायर टाकले आणि सोबत चाक बाहेर काढणारी मॅगव्हील (अलॉयची चाकं) बसवली. हे काम दुसरीकडे झालं होतं. नाशिकच्या अंबडला आमच्या शेडमध्ये गाडी आली ती तक्रार घेऊन. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कर्रर्र आवाज येतो, आणि मागे माणसं बसली की गतिरोधकावर टायर वरच्या प्लास्टिकला घासतो. टायर बसवणाऱ्यांनी उपायही सांगून ठेवला होता: चारही फ्लेअर, म्हणजे चाकांवरच्या प्लास्टिकच्या कमानी, दोन-दोन इंच गोल कापून टाका, विषय संपला.

थार आपल्या सातपूरलाच बनते, त्यामुळे नाशिकच्या रस्त्यांवर तिची कमी नाही आणि तिला कापणाऱ्यांचीही नाही. ‘दोन इंच गोल’ हा सल्ला मी इतक्या गाड्यांवर उतरलेला पाहिलाय की ही गाडी जरा सविस्तर मांडावीशी वाटली. या गाडीत कापायला लागलं ते त्या सल्ल्याच्या पाव हिश्श्याहून कमी, आणि त्यातलंही सगळं फ्लेअरचं नव्हतं.

आधी टायरवरचे आकडे. २४५/७५ आर १६ म्हणजे रुंदी २४५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आत १६ इंची रिम. भिंत १८३.७५ मिमी, अशा दोन, अधिक रिमचे ४०६.४. व्यास झाला ७७३.९ मिमी. हाच हिशेब २८५/७५ ला लावला की ८३३.९ येतो. व्यास ६० ने वाढला, म्हणजे चाकाच्या मध्यापासून चहूबाजूंनी ३० मिमी. मालकांचा समज असा की गाडी ३० मिमी उचलली गेली, म्हणजे जागाही वाढली असणार. गाडी उचलली गेली हे खरं, जमिनीपासूनचं अंतर वाढलं हेही खरं. पण चाकाचा मध्य आणि फ्लेअर यांच्यातलं अंतर होतं तेवढंच राहिलं आणि त्यात टायर ३० मिमीने मोठा झाला. मोकळी जागा तेवढी कमी झाली.

हे ३० मिमी बहुतेकांच्या लक्षात असतात. घोळ होतो तो रुंदीत. टायर ४० मिमीने रुंद झाला. मूळ डिस्कवरच बसवला असता तर साधारण २० मिमी आत आणि २० मिमी बाहेर गेला असता. नव्या मॅगव्हीलचा ऑफसेट मात्र मूळ डिस्कपेक्षा २५ मिमीने कमी होता. ऑफसेट म्हणजे चाक जिथे बोल्टने बसतं ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे ते अंतर; ते कमी म्हणजे चाक बाहेर. त्यामुळे टायरची बाहेरची बाजू २० अधिक २५, एकूण ४५ मिमी बाहेर आली आणि आतली बाजू उलट ५ मिमी लांब गेली. आतल्या बाजूला मूळ टायरपेक्षाही जास्त जागा, बाहेर मात्र गर्दी.

आता दोन गोष्टी होतात. पहिली, स्टिअरिंग वळवल्यावर टायरचा बाहेरचा कोपरा मोठा वळसा घेतो, कारण तो वळण्याच्या अक्षापासून लांब गेलाय. बंपरच्या मागच्या टोकाला तो लागतो तो यामुळे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मूळ चाक दबलं की टायर फ्लेअरच्या आत शिरतो, पोकळीत जातो. ४५ मिमी बाहेर आलेला टायर आत शिरूच शकत नाही. त्याचा खांदा थेट फ्लेअरच्या कडेवर येतो. कर्रर्र आवाजाचा मोठा भाग उंचीपेक्षा या बाहेर आलेल्या चाकाचा होता.

कुठे लागतं ते शोधायला आम्ही गेरू वापरतो. पाण्यात दाटसर कालवायचा आणि टायरच्या दोन्ही खांद्यांवर ब्रशने लावायचा. जिथे टायर टेकेल तिथे लाल ठसा उमटतो. खडूही चालतो, पण काळ्या प्लास्टिकवर आणि ओल्या शेडमध्ये गेरू जास्त बोलतो. उभ्या गाडीत बोट घालून ‘इथे दोनच बोटं जागा आहे, काप’ असं ठरवायला मी कुणालाच देत नाही. उभ्या गाडीत जिथे सगळ्यात कमी जागा दिसते, तिथे टायर चालत्या गाडीत कधी जातही नाही, असं होऊ शकतं.

मागच्या बाजूला स्प्रिंगा काढल्या आणि अ‍ॅक्सल एका बाजूने जॅकवर उचलत बम्प रबरपर्यंत, म्हणजे चाकाची वर येण्याची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत नेला. थारचा मागचा अ‍ॅक्सल एकसंध आहे. एक चाक वर गेलं की दुसरं खाली जातं आणि वर गेलेला टायर सरळ न चढता थोडा तिरका होऊन चढतो. दोन्ही चाकं सारखी दाबून पाहिलं तर हा तिरकेपणा दिसतच नाही. पुढे डबल विशबोन, प्रत्येक चाक स्वतंत्र. तिथे एक चाक रॅम्पवर चढवलं, मागच्या जागेत खताच्या गोण्या टाकल्या आणि इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग तेच रिव्हर्समध्ये. रिव्हर्सची चाचणी बरेच जण सोडतात. पुढे जाताना चाक सस्पेन्शनच्या रबरी बुशांना मागे रेटतं, रिव्हर्समध्ये पुढे ओढतं. मधला फरक थोडा असतो, पण लागण्या-न लागण्यात तेवढाच पुरतो.

ठसे असे आले. पुढच्या बंपरच्या मागच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी, ठळक. पुढच्या फ्लेअरच्या पुढच्या शेपटीला, खालून वर साधारण वीतभर. पुढच्या चाकाच्या मागच्या लायनरला, म्हणजे चाकाच्या पोकळीतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, फक्त रिव्हर्स आणि पूर्ण वळण एकत्र असताना. मागच्या फ्लेअरला वरच्या अर्ध्या भागात, पण फक्त कडेच्या ओठावर. आणि मागच्याच चाकावर, फ्लेअरच्या आत जिथे दोन पत्रे एकमेकांना जोडलेत त्या शिवणीवर एक पुसट रेघ. पुढच्या फ्लेअरच्या वरच्या भागाला काहीच नव्हतं, कारण डबल विशबोनमध्ये चाक दबताना वरून आत कलतं आणि स्वतःच वाट काढतं. मागच्या फ्लेअरच्या मागच्या अर्ध्यालाही काही नव्हतं. ‘दोन इंच गोल’ कापलं असतं तर यातलं बरंचसं प्लास्टिक विनाकारण गेलं असतं, आणि बंपरचं टोक तरीही लागतच राहिलं असतं.

पत्र्यावरच्या त्या पुसट रेघेनं मात्र माझं लक्ष सगळ्यात जास्त खेचलं. प्लास्टिकला घासलेला टायर आवाज करतो, पत्र्याच्या शिवणीला लागलेला टायर चिरला जातो.

मालक त्यांच्या थोरल्या भावाला घेऊन आले होते. थोरल्यांचा पहिला प्रश्न लिफ्टचा. ‘भाऊ, दोन इंचाची लिफ्ट टाकली तर कापायची गरजच नाही ना?’

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. लिफ्टने गाडी उभी असताना उंच होते. चालताना चाक किती वर येईल हे बम्प रबर ठरवतं. स्प्रिंगेखाली स्पेसर टाकला आणि बम्प रबर तसाच ठेवला, तर मोठ्या खड्ड्यात चाक आधी जिथपर्यंत जायचं तिथपर्यंतच जाणार आणि टायर तिथेच लागणार. इतकंच की सपाट रस्त्यावर आवाज येणार नाही आणि पहिल्या घाटापर्यंत मालक खूश राहील. बम्प रबर लांब केला तर खरोखर फरक पडतो, त्याची किंमत म्हणून चाकाची वर जाण्याची जागा तेवढी घटते. मागच्या शिवणीसाठी आम्ही नेमका तोच उपाय केला. पण ते पुढे.

मी त्यांना आधी वेगळाच पर्याय दिला. २६५/७५ आर १६ घ्या, मूळ डिस्कवर बसवा. व्यास ८०३.९ मिमी, म्हणजे चहूबाजूंनी १५ मिमी वाढ, बाहेर जेमतेम १० मिमी. पेठ-सुरगाण्याकडचे रस्ते, भावलीच्या बाजूचा चिखल, बागेतले बांध, एवढ्याला तो टायर भरपूर आहे. गाडी जड होत नाही, ब्रेकवर ताण कमी, आणि कापायचं जवळपास काहीच नाही. धाकट्यांनी मान हलवली. टायर घेऊन झालेले, फिरवून झालेले; आता परत कोण घेणार? थोरले म्हणाले, ‘अहो, त्याला गाडी उभी असताना रुबाबदार दिसायला हवीय, बाकी निमित्त आहे.’ धाकटे हसले, नाही म्हणाले नाहीत.

मग मूळ डिस्कवर २८५ लावून पाहू, म्हटलं. जुन्या डिस्क त्यांच्या घरी पडून होत्या. एक आणली, टायर चढवला, गेरू लावला. बाहेरची बाजू बरीच सुटली, पण पूर्ण वळणावर आतला खांदा सस्पेन्शनच्या आर्मपाशी आला, मधे नख जाईल एवढीच फट. चिखल चिकटला की ती फटही जाणार. त्यामुळे मॅगव्हील ठेवायची आणि कापायचं, यावर आलो. थोरल्यांनी बजावलं, ‘छाटणीत एक डोळा जास्त उडाला की त्या काडीचा माल गेला. हिशेबाने कापा.’ द्राक्षवाल्याशी यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

कापायला हात लावण्याआधी प्लास्टिक कुठलं आहे ते पाहतो. कंपनीच्या भागांवर मागच्या बाजूला साच्यातच प्लास्टिकच्या जातीची अक्षरं उठवलेली असतात. कंपनीचे फ्लेअर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या कुळातले. हे लवचिक असतं, दगड सहन करतं, पण गरम झालं की वितळतं. बाजारातले रुंद फ्लेअर बऱ्याचदा एबीएसचे किंवा फायबरचे असतात. एबीएस स्वच्छ कापलं जातं पण तडकतं. फायबर कापताना जी धूळ उडते ती अंगाला खाजते आणि फुप्फुसात जाऊ नये अशी असते. मास्क आणि बंद चष्मा न लावता ते काम करूच नये.

या गाडीवर पॉलिप्रॉपिलीन होतं. म्हणून ग्राइंडर बाजूला. ग्राइंडरची चकती वेगाने फिरते, प्लास्टिक कापण्याऐवजी वितळवते, आणि चकतीमागे ते पुन्हा चिकटून दोरीसारखी खडबडीत कड तयार होते. त्यात ग्राइंडर एकदा निसटला की फेंडरच्या रंगावर ओरखडा ठरलेला. आमचे उस्ताद बारीक दातांच्या हॅकसॉ पानाने कापतात, लांब रेषा असेल तर जिगसॉ सगळ्यात कमी वेगावर.

दुसरा नियम, फ्लेअर गाडीवर असताना कापायचा नाही. स्क्रू आणि क्लिपा काढून तो खाली घ्यायचा, टेबलवर आडवा ठेवायचा. याचा आणखी एक फायदा आमच्याकडच्या गाड्यांत हमखास दिसतो. फ्लेअरमागे काळी माती बसलेली असते, पावसाळ्यात शिरलेली, उन्हाळ्यात विटेसारखी वाळलेली. ती पत्र्याला ओलावा धरून ठेवते आणि गंज आतून सुरू होतो, बाहेरून काही कळत नाही. या गाडीच्या मागच्या उजव्या बाजूला एका क्लिपच्या भोकाभोवती रंग फुगलेला सापडला. घासला, प्रायमर लावला, वरून अंडरबॉडी कोटिंग. गाडी कापायला आली नसती तर आणखी दोन पावसाळे हे कुणी पाहिलं नसतं.

काळ्या मातीचा आणखी एक हिशेब कापण्यातही धरावा लागतो. ठसा उमटला तेवढंच कापलं तर डांबरी रस्त्यावर काम भागतं. पण निफाड-दिंडोरीकडच्या ओल्या शेतात ही माती टायरला थराने चढते. म्हणून ठशाच्या पुढे आणखी बोटभर जागा सोडतो. लाल मुरमाच्या भागात चालणाऱ्या गाडीला एवढं लागत नाही.

पुढच्या फ्लेअरची शेपटी खालच्या टोकाला साधारण २० मिमी कापली, वर जाताना निमुळती होत शून्यावर. बंपरचं टोक त्याच रेषेत मिळवून घेतलं, नाहीतर दोन्हींमध्ये पायरी दिसते. कापायची रेघ आधी मास्किंग टेपवर काढली. एका बाजूचा पुठ्ठ्याचा नमुना करून तो उलटवून दुसऱ्या बाजूला लावायचा मोह होतो; तसं केलं नाही. डाव्या-उजव्या बाजूचे ठसे नेमके सारखे नव्हते. दोन्ही मोजले आणि जो मोठा निघाला त्यावर दोन्ही बाजू कापल्या, म्हणजे समोरून गाडी एकसारखी दिसते.

मागच्या फ्लेअरचा फक्त ओठ काढला, वरच्या पुढच्या भागात, सुमारे १२ मिमी. जिथे काप आत वळतो, त्या कोपऱ्यात आधी गोल भोक पाडायचं आणि काप त्या भोकात नेऊन थांबवायचा. टोकदार आतला कोपरा राहिला तर थंडीत, एखाद्या दणक्यात, तडा तिथूनच निघतो. क्लिपच्या भोकांभोवती पुरेसं प्लास्टिक राहू द्यायचं, नाहीतर फ्लेअर बसतो पण वाऱ्याने फडफडतो.

कापलेली कड आधी पात्याने खरवडली, मग १२०, २४०, ४०० च्या पॉलिशपेपरने गोल केली. कापल्यावर कडेला पांढुरकी झाक येते. हीट गन लांबून, हलत्या हाताने फिरवली की काळेपणा परत येतो. एका जागी धरली की फ्लेअर लाटेसारखा वाकतो. यावर रंग मारायचा हट्ट काही जण धरतात. या प्लास्टिकला रंग सहज धरत नाही, आधी खास प्रायमर लागतो, आणि तरीही कडेचा रंग पहिल्या काटेरी वाटेवर सुटतो. आम्ही रबराची यू आकाराची बीडिंग लावली.

लायनर कापला नाही. त्याच्यामागे वायरिंग असतं, वॉशरची टाकी असते. लायनरला भोक म्हणजे चिखलाला आत यायचं आमंत्रण. गरम करून मागे दाबला आणि दोन क्लिपांची जागा सरकवली. मागच्या शिवणीचा पत्रा ठोकून वाकवण्याऐवजी बम्प रबरखाली १५ मिमीचा स्पेसर दिला. पुन्हा जॅकवर उचलून पाहिलं, गेरूचा ठसा आला नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण मालकांना तोंडावर सांगितलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघाताच्या दाव्यात तोच मुद्दा समोर येतो. प्लास्टिकचा ओठ कापणं ही यातली किरकोळ गोष्ट. नजरेत भरतो तो ४५ मिमी बाहेर आलेला टायर. फ्लेअर हा शोभेसाठी नसतो, खडी आणि चिखल अडवायला असतो. मुंबई-आग्रा महामार्गावर या गाडीमागे दुचाकीवर असलेल्या माणसाच्या तोंडावर काय उडेल, हे मी मालकांना विचारलं. त्यावर त्यांनी रुंद मडफ्लॅप लावायला होकार दिला.

नंतर अलाइनमेंट करून गाडी पेठ रस्त्याच्या घाटात फिरवली, मागे माणसांऐवजी द्राक्षांची भरलेली कॅरेट ठेवून. आवाज नाही. स्पीडोमीटर मात्र आता मागे पडतो. व्यास ७.७५ टक्क्यांनी वाढल्यामुळे सुई ८० वर असताना हिशेबाने वेग ८६ च्या आसपास निघतो. कंपनीचे मीटर मुळात थोडं जास्त दाखवतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी. ओडोमीटरही कमी मोजणार, म्हणजे सर्व्हिस किलोमीटरच्या आकड्याच्या जरा आधीच करायची. शिवाय गिअर लांब झाल्यासारखे वाटतात, चढावर एक गिअर खाली आणावा लागतो.

पावसाळा सरल्यावर गाडी पुन्हा पाहिली. डाव्या लायनरची एक क्लिप निघाली होती, नवी लावली. उजव्या मागच्या फ्लेअरच्या कडेला बीडिंगवर थोडी चमक आली होती, म्हणजे तिथे टायर अधूनमधून टेकतोय. रबर शाबूत होतं, म्हणून कापलं नाही.

स्टेपनीचं घोंगडं मात्र भिजत पडलंय. मागच्या दारावर अजून जुना २४५ चाच टायर लटकतोय, कारण २८५ चं वजन त्या बिजागऱ्यांवर टाकायला मी तयार नाही आणि मजबूत ब्रॅकेटचा खर्च मालकांना नको आहे. तोवर एवढंच सांगून ठेवलंय: मागचं चाक पंक्चर झालं तर पुढचं मोठं चाक काढून मागे लावा आणि लहान स्टेपनी पुढे, म्हणजे मागच्या डिफरन्शियलवर (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर) ताण येणार नाही. फोर व्हीलचा दांडा टू व्हीलवर, वेग कमी, आणि जवळच्या पंक्चरवाल्याच्या पुढे जायचं नाही.